कार्ट मिटव, वही उघड

रात्री पावणेबाराला पाठवलेली तुझी यादी बघितली गं. चाकं, टायर, सीट, पेडलं, हँडलची टेप, नवी कॅसेट आणि वर ते कार्बनचं काहीतरी. बेरीज केलीस का? मी केली. सायकलच्या किमतीपेक्षा जास्त होतेय! सायकल घरात येऊन तीन आठवडे झाले, चालवलीस जेमतेम दीडशे किलोमीटर आणि एवढ्यात आपण चुकीची घेतली असं तुझ्या मनाने घेतलंय. का, तर रविवारी चहाच्या टपरीवर कुणीतरी तुझ्या सायकलला टिचकी मारून म्हणालं, "ॲल्युमिनियम? मग कार्बनवर कधी येणार?"

आधी ती कार्ट बंद कर बघू. झोपायच्या वेळी केलेली खरेदी आणि भुकेल्या पोटी आणलेली भाजी, दोन्ही सारखीच फसतात.

खरं सांगू का, मला तुझं हसू येत नाही, कारण मी याहून मोठा गाढवपणा केलाय. तो पुढे सांगते. आधी त्या टिचकीचा निकाल लावू. १९९८ साली मार्को पँटानीने टूर द फ्रान्स जिंकली ना, ती ॲल्युमिनियमच्याच सायकलवर. आल्प्स चढून गेलेला धातू तुझ्या कोथरूडच्या उड्डाणपुलावर कमी पडणार नाही. ॲल्युमिनियम स्टीलच्या साधारण एक तृतीयांश वजनाचं असतं, पण त्याचा ताठपणाही स्टीलच्या एक तृतीयांशच. म्हणून त्याच्या नळ्या जाड्या करतात, आणि म्हणूनच तुझी सायकल जुन्या सायकलींच्या शेजारी अशी गुटगुटीत दिसते. त्यात लाजायचं काय? उलट ती पावसात गंजून भुगा होत नाही आणि पेडल मारलं की लगेच पुढे सरकते. खडबडीत रस्त्यावर हाताला जरा जास्त दणके देते, एवढंच. त्यावर स्वस्तातला उपाय आहे, येतेच त्याकडे.

राहिलं वजन. तुझी सायकल साडेदहा किलोची. मोठ्या शर्यतींत ६.८ किलोपेक्षा हलकी सायकल चालतच नाही, असा नियमच आहे. म्हणजे त्या शर्यतींतल्या महागड्यात महागड्या सायकलीत आणि तुझ्या सायकलीत फरक फार तर पावणेचार किलोचा. आता घरगुती हिशोब कर. तू, सायकल आणि पाण्याची बाटली मिळून ७० किलो धर. हजारो रुपये ओतून एक किलो कमी केलास, तर चढावर फायदा दीड टक्क्याच्या आतबाहेर. सिंहगडाचा घाट चढायला तुला तास लागत असेल, तर वाचतात पन्नासेक सेकंद. वर गेल्यावर भजीच्या रांगेत यापेक्षा जास्त वेळ जातो गं! आणि सपाटीवर तर वजनाचा फारसा प्रश्नच नाही. तिथे ताशी २५ किलोमीटरच्या पुढे तुझी बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते. कोपर थोडं वाकव, ते फडफडणारं जर्किन काढून ठेव. झालं अपग्रेड, तेही फुकटात.

मग काहीच बदलायचं नाही का? बदलायचं ना. पण क्रमाने. त्यासाठी एक शंभर पानी वही घे, किराण्याच्या हिशोबाची असते तशी. प्रत्येक राइडवरून आलीस की आंघोळीच्या आधी दोन ओळी लिही: किती किलोमीटर झाले आणि कुठे दुखलं, अडलं किंवा भीती वाटली. एकच तक्रार तीनदा लिहिली गेली, की मगच पैसे काढायचे. त्याआधी नाही. बघ, दुकान आपल्याला हौस विकतं. आपल्याला काय हवंय ते आपलं अंगच सांगतं, फक्त ते टिपून ठेवावं लागतं.

पहिल्या पानावर काय येणार ते मी आत्ताच सांगते. बूड. लाजू नकोस, सगळ्यांचंच दुखतं आणि सगळ्याच जणी ते "पाठ जरा भरून आलीय" असं सांगतात. सीट बदलायच्या आधी तिची उंची बघ. भिंतीला धरून सायकलवर बस, टाच पेडलवर ठेव आणि पेडल अगदी खाली ने. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चालवताना पंजा पेडलवर आला की गुडघ्यात आपोआप हवा तेवढा बाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर बहुधा सीट खाली आहे, मागून ओढ बसली तर वर. एका वेळी चार-पाच मिलिमीटरच हलव आणि नळीवर पेनाने खूण कर. मी एकदा खूण न करताच सीट काढली आणि पुढचे पंधरा दिवस 'आधी होतं तसं' शोधत बसले होते.

मग पॅडची शॉर्ट. खर्च करायचाच असेल तर पहिला इथे कर, सायकलवर नव्हे. आणि आता मोठ्या बहिणीने सांगायची गोष्ट: ती आतून काहीही न घालता घालायची असते. मला हे कुणी सांगितलंच नाही. मी संस्कारी मुलगी, नेहमीसारखं सगळं घालून वर ती चढवली आणि ऐंशी किलोमीटर फिरून आले. शिवण जिथे जिथे होती तिथे तिथे सोलवटून निघालं. चार दिवस ऑफिसात उभ्याने काम केलं आणि डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून ठोकून दिलं. दर राइडनंतर ती धुवायची, उन्हात वाळवायची. "एकदाच तर घातली होती" हा हिशोब इथे चालत नाही.

एवढं करूनही महिनाभर दुखलं, तर मग सीट. नवी सीट म्हणजे जास्त गादीची, असं समजू नकोस. मऊ गादीत हाडं रुततात आणि नको तिथे दाब येतो. आपली बसायची दोन हाडं असतात ना, त्यांच्यातलं अंतर महत्त्वाचं. पार्सलच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा कठीण स्टुलावर ठेव, त्यावर जरा वाकून मिनिटभर बस. उठलीस की दोन खळगे दिसतील, त्यांच्या मध्यांमधलं अंतर मोज आणि दुकानात तो आकडा सांग. आपल्याकडे दुकानात बहुतेकदा हाताला येईल ती सीट पुढे करतात. तू आकडा सांगितलास की समोरच्याचा सूरच बदलतो.

दुसरी तक्रार हातांची येईल. बोटं बधिर होतात, ब्रेक धरताना हात पुरत नाही. तुझे हात लहान आहेत गं, ब्रेक मोठ्या पंजाच्या मापाचे. बऱ्याचशा लिव्हर हँडलच्या जवळ आणता येतात. कुठे छोटा स्क्रू असतो, कुठे आत एक पट्टी बसवतात. मेकॅनिककडे उभी राहून हे करून घे. पैसा जवळजवळ लागत नाही, पण उतारावरची अर्धी भीती जाते. सीटचं नाक खाली झुकलेलं असेल तर तू पुढे घसरतेस आणि सगळा भार मनगटावर येतो, ते सपाट कर. तरीही हँडल लांब वाटलं, तर हँडल धरून ठेवणारा स्टेम एक-दोन सेंटिमीटर आखूड घालता येतो. कार्बनच्या हँडलपेक्षा हा तुकडा कितीतरी स्वस्त आणि दसपट कामाचा.

आता टायर. तुझ्या यादीतली ही एकच गोष्ट मी लगेच मान्य करीन. कारखान्यातून आलेले टायर बऱ्याचदा कडक आणि बारीक असतात. २५ मिलिमीटरचे असतील तर २८चे बसतात का विचार. टायर आणि फ्रेम यांच्यामध्ये चारेक मिलिमीटर जागा उरायला हवी, ब्रेकखालीही बघ. ॲल्युमिनियमचे दणके कमी करायला यासारखा उपाय नाही. पण टायर बदलण्याआधी हवा बदल! माझ्या पहिल्या वर्षी मी कुणाचं तरी ऐकून ११० पीएसआय भरायचे. चाक दगडासारखं कडक, रस्ता असा की दात वाजायचे, आणि मला वाटायचं हाच तो वेग. अगं, टायर फार टणक असला की तो प्रत्येक खडीवर उडतो आणि तुझी ताकद पुढे जाण्याऐवजी वर-खाली होण्यात संपते. २८चे टायर आणि तुझं वजन धरून मागे ७०, पुढे ६५पासून सुरुवात कर. मग दोन-तीनने कमी-जास्त करत वहीत लिही. टायरच्या कडेवर छापलेल्या मर्यादेच्या बाहेर मात्र जायचं नाही.

आणि हो, हवा भरायला घरी काट्याचा उभा पंप आण. मी पेट्रोल पंपावर गेले होते. त्या दादांनी नळी हातात घेतली, माझ्या चाकाकडे बघितलं, मग माझ्याकडे. रोड बाइकच्या ट्यूबचा वॉल बारीक, लांब, टोकाला छोटा स्क्रू असलेला. त्याला प्रेस्टा म्हणतात. नेहमीची नळी त्यावर बसतच नाही. मी मात्र "जोर लावा ना" म्हणत राहिले. जोर लावला, टोक वाकलं, होती ती हवाही गेली. घरी चालत, सायकल हाताशी धरून, साडेचार किलोमीटर.

पंक्चर हॉलमध्ये काढायला शीक, रस्त्यावर नव्हे. टीव्ही लावून बस, खाली जुनी चादर टाक आणि मागचं चाक काढून ट्यूब बदल. पहिल्या वेळी पाऊण तास लागेल, रडूही येईल. चौथ्या वेळी दहा मिनिटांत होतं. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून जुन्या सुती कपड्याचा तुकडा फिरव. बाभळीचा काटा असला की धागा अडकतो आणि बोट वाचतं. ज्या दिवशी हे तुला जमेल, त्या दिवशी तू एकटी खडकवासल्याच्या पुढे जाशील. तुझ्या यादीतल्या कुठल्याच वस्तूने ते होणार नाही बघ.

ब्रेकचे पॅड ही दुसरी स्वस्त आणि मोठी सुधारणा. तुझे ब्रेक रिमवर दाबणारे आहेत. पावसाळ्यात चिखलातली बारीक रेव पॅडमध्ये रुतते आणि दर वेळी रिम खरवडते. कर्रर्र आवाज आला की समज. पॅड काढ, टोचणीने चमकणारे कण उकर, वरून पॉलिश पेपर फिरव. गुळगुळीत झाले असतील तर चांगल्या प्रतीचे नवे घाल. थांबण्यावर काटकसर करायची नाही. घाट उतरताना ब्रेक सतत धरून ठेवू नकोस, रिम तापते. वळणाच्या आधी दोन्ही ब्रेक नीट दाबायचे आणि वळणावर सोडायचे.

आता घाट. सिंहगडला निम्म्यावर उतरून चालावं लागलं म्हणून तुला कार्बन हवाय ना? कार्बन नको, मागची मोठी चक्री हवीय. पुढच्या लहान चक्रीला ३४ दाते आणि मागच्या मोठ्यात मोठ्या चक्रीला २८ असले, तर पेडलच्या एका फेरीत चाक सव्वाच्या आसपास फिरतं. मागे ३४ दातांची चक्री असलेली कॅसेट घातलीस, तर बरोबर एक फेरी. म्हणजे तोच चढ सुमारे अठरा टक्क्यांनी हलका! फक्त चेन या चक्रीवरून त्या चक्रीवर नेणारा मागचा डिरेलर किती दातांपर्यंत झेपवतो ते आधी विचार. आखूड पिंजऱ्याचा असला तर तोही बदलावा लागतो, चेनही लांब लागते. तोवर एक कर: चढ दिसला की तो सुरू होण्याआधीच गिअर हलका कर. अगदी दम संपल्यावर, सगळा जोर पायात असताना गिअर टाकला, की चेन किंचाळते. सपाटीवर मिनिटाला ८०-९० फेऱ्या फिरव, गुडघे म्हातारपणापर्यंत दुवा देतील.

चेनची काळजी म्हणजे देवासमोरचा दिवा. रोज थोडं लक्ष द्यायचं, महिन्यातून एकदा धडाक्याने नव्हे. सायकलच्या चेनचं तेलच घाल, कडीकडीवर एक थेंब, आणि वरचं जास्तीचं जुन्या बनियनने पुसून टाक. मी काय घातलं होतं माहितीये? खोबरेल. घरात होतं, शुद्ध होतं, आजी सगळ्यावर तेच लावायची. डिसेंबरातल्या पहाटे खाली आले तर चेनवर पांढरा थर, वाटीत तूप थिजावं तसा. खोबरेल चोवीस अंशांच्या खाली गोठतं, हे मला केसांच्या बाबतीत माहीत होतं, चेनच्या बाबतीत सुचलं नाही.

चेन कधी बदलायची ते फुटापेक्षा लांब पट्टीने कळतं. एका पिनेच्या मध्यावर शून्य धर आणि चोवीस कड्या मोज. नव्या चेनमध्ये ते बरोबर १२ इंच भरतं. झिजून इंचाचा सोळावा भाग जास्त भरला, की चेन बदल. आठवा भाग होईपर्यंत थांबलीस, तर ती जाताना कॅसेटही घेऊन जाते आणि शंभराच्या जागी हजार जातात.

आणि आता माझा तो मोठा गाढवपणा. पहिल्याच दिवाळीच्या बोनसमधून मी काय घेतलं? चाकं! सीट टोचतेय, हवा चुकीची, पॅड गुळगुळीत, आणि मी मात्र नवी चाकं घेऊन आले. घरी आईला किंमत निम्मी सांगितली. स्वतःच बसवली, कारण मेकॅनिकला कशाला द्यायचे पैसे? दुसऱ्या दिवसापासून मागून खुळखुळ खुळखुळ. महिनाभर मी त्या आवाजासकट फिरले, दर वेळी गिअर उड्या मारायचे. शेवटी गावातल्या जुन्या कारागिराकडे नेली. त्यांनी कॅसेट बोटाने हलवून बघितली आणि ड्रॉवरमधून एक चकती काढली, बारशाच्या बाळाच्या बांगडीएवढी, जाडीला दोन मिलिमीटरही नाही. नवी चाकं अकरा गिअरची, माझी कॅसेट आठची. उरलेली जागा भरायला ती चकती लागते. म्हणाले, "ताई, चाकं एवढी महागाची घेतलीत, आणि हे कुणी सांगितलं नाही?" कुणी सांगणार? मी विचारलंच नव्हतं. म्हणून तुला सांगते, चाकं वहीच्या शेवटच्या पानावर. तोवर आहे त्या चाकांचं आऊट काढून घे, तारा ओढून घे.

काही सावधगिरीच्या गोष्टी, त्या मात्र पाठ कर. ॲल्युमिनियमला राग पटकन येतो. बोल्ट "अजून जरासा" म्हणून आवळलास की आटे जातात. किती जोराने आवळायचं तो आकडा बहुतेकदा बोल्टपाशी छापलेला असतो, तेवढा जोर मोजणारा पाना उसना तरी आण. सीटची नळी वर्षातून दोनदा काढून पूस आणि ग्रीस लावून परत घाल, नाहीतर घाम आणि पाऊस झिरपून ती आत अशी जाम होते की विचारू नकोस. हँडलवरून गळलेला घाम ओल्या फडक्याने टिपत जा, घामातलं मीठ बोल्टपाशी धातू खातं. आणि पेडल काढताना लक्षात ठेव, डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना उभा धरून मागच्या चाकाकडे ओढ, दोन्ही बाजूंना तसंच सुटतं. मी डाव्या पेडलवर उभी राहून ते अर्धा तास घट्ट करत होते.

सायकल धुताना सांध्यांजवळ, पेडलच्या खाली आणि हँडलच्या मागे नीट बघत जा. रंगावर केसासारखी रेघ दिसली आणि ती पुसली जात नसेल, तर चालवायचं थांबव आणि दाखव. कुणी म्हणेल, "टाकून देतो वेल्डिंग." नको! स्टीलला ते चालतं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला ताकद उष्णतेची खास प्रक्रिया करून आणलेली असते, कोपऱ्यावरच्या वेल्डिंगने त्या जागची ताकद जाते. घाबरवत नाही गं. नीट ठेवलेली फ्रेम वर्षानुवर्षं चालते. फक्त डोळे उघडे ठेव.

बाकीच्या काळज्या मला माहीत आहेत. सकाळी अंधारात एकटीने निघायचं, सासूबाईंचा चेहरा, रिक्षावाल्यांची टोमणेबाजी, डब्याची घाई. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, डोक्यावर हेल्मेट. खिशात चिक्की आणि राजगिऱ्याचा लाडू, बाटलीत मीठ-साखर-लिंबू. निघताना एकीला तरी रस्ता कळवायचा. आपल्या पुण्याची वेदांगी कुलकर्णी २०१८ साली विसाव्या वर्षी सायकलवरून जग फिरून आली, २९,००० किलोमीटर, १५९ दिवसांत. तिची बरोबरी करायला सांगत नाही. तू आपली पानशेतला जाऊन ये. पण ज्या गावातली पोर पृथ्वीला फेरी मारून येते, त्या गावात तू अर्ध्या चड्डीत दूध आणायला गेलीस तर आभाळ कोसळत नाही, एवढं मात्र नक्की.

माझी वही आता तिसरी चालू आहे. परवा पहिली चाळली. सुरुवातीची पानं सगळी दुखण्याची: बूड, मनगट, गुडघा, पुन्हा बूड. मग हळूहळू ओळी बदलत गेल्यात. "बोपदेव घाट न थांबता." "आज मोर दिसला." "काही दुखलं नाही, विसरलेच लिहायला." माझ्या सायकलीवर आज मूळचं काय उरलंय म्हणशील, तर फ्रेम आणि पुढचा फोर्क. बाकी एकेक करून बदललं, पण प्रत्येक वस्तूचं कारण वहीत तीनदा लिहिलेलं आहे. फक्त त्या चाकांचं नाही. त्यांच्यापुढे तीनदा लिहिलंय, "खुळखुळ".

तर रविवारी साडेपाचला माझ्या गेटपाशी ये. पंप माझ्याकडे आहे, पुठ्ठा आणि पट्टीही काढून ठेवते. यादी घरी ठेव, वही घेऊन ये. आणि हो, ती शॉर्ट कशी घालायची ते लक्षात आहे ना?